१०८९ सीसी : फणसवाडीतल्या जुन्या फियाटचं इंजिन

पैसा बेताचा असेल आणि तरीही जुनी, धावण्यात मजा असलेली गाडी हवी असेल, तर इंजिन बिघडलेली गाडी शोधावी. हा सल्ला पहिल्यांदा ऐकणारा माणूस बिचकतो. विकणाऱ्याने "इंजिनचं थोडं काम आहे" म्हटलं की घेणारा दोन पावलं मागे सरतो, आणि त्याच क्षणी गाडीची किंमत उतरते. पण प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट डिलाइट यांच्या बाबतीत मागे सरायचं कारण नाही. या गाडीत सगळ्यात सहज दुरुस्त होणारी वस्तू कुठली, तर इंजिन. सगळ्यात महाग आणि जीव खाणारं काम म्हणजे सडलेला पत्रा. बाजारभाव मात्र नेमका उलटा लागतो, कारण वरून रंग मारलेला पत्रा दिसायला छान असतो आणि बंद पडलेलं इंजिन लपवता येत नाही.

स्पोर्ट्स कारच्या पुस्तकात पद्मिनी कशाला, असं वाटू शकेल. मुंबईच्या गिरगावात वाढलेल्यांच्या डोळ्यांसमोर पद्मिनी येते ती काळीपिवळी टॅक्सी म्हणून, नाहीतर तिथल्या फणसवाडीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली उभी असलेली एखाद्या डॉक्टरची किंवा वकिलाची पांढरी गाडी म्हणून. बॉनेट उघडून आत पाहिलं तर गोष्ट वेगळी आहे.

आत आहे ते चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं इंजिन. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ही मापं १९३७ सालची. तुरीनमध्ये फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांच्या देखरेखीखाली ५०८ सी बालिल्ला ११०० ही गाडी तयार झाली, तिच्या इंजिनाची. बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, हेडमध्ये व्हॉल्व्ह आणि त्यांना खालून ढकलणारे पुशरॉड. त्या काळी सामान्य माणसाच्या गाडीत असं हेड देणं ही मोठी गोष्ट होती. पुष्कळ कंपन्या तेव्हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूलाच बसवत. त्याने इंजिन स्वस्त पडे, पण श्वास नीट घेता येत नसे. जाकोसांचं इंजिन मोकळा श्वास घेत होतं, आणि शर्यतीच्या लोकांनी ते लगेच ओळखलं.

एन्झो फेरारी यांनी अल्फा रोमिओ सोडल्यावर १९४० मध्ये स्वतःची म्हणून जी पहिली गाडी बनवली, तिचं नाव ८१५. आठ सिलिंडर, दीड लिटर. ती ५०८ सीच्या सुट्या भागांवर बेतलेली होती आणि तिच्या आठ सिलिंडरांवर फियाटची चार-चार सिलिंडरची दोन हेड एका ओळीत बसवली होती. त्या वर्षी ब्रेशियाच्या शर्यतीत दोन गाड्या उतरल्या आणि दोन्ही बिघाड होऊन मध्येच थांबल्या. फेरारीच्या कथेची सुरुवातही इंजिनच्या दुखण्यानेच झाली.

युद्धानंतर तुरीनच्या पिएरो दुझिओ यांनी सिसितालिया नावाने गाड्या काढल्या. इंजिन पुन्हा तेच, ११०० फियाटचं. बालिल्लामध्ये ३२ अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनातून त्यांनी ५५ च्या आसपास काढली. त्यांच्या २०२ या मॉडेलला पिनिनफारिनाने जे अंग दिलं, ते इतकं सुंदर होतं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती गाडी १९५१ मध्ये प्रदर्शनात मांडली आणि पुढे स्वतःच्या संग्रहात घेतली.

मिल्ले मिल्या या इटलीतल्या शर्यतीची जून १९४७ ची गोष्ट तर आपल्या मुंबईकरांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. ५४ वर्षांचे, तब्येतीने खंगलेले शर्यतपटू तात्सिओ नुवोलारी छोट्या उघड्या सिसितालियात बसले आणि जवळजवळ तीन लिटरच्या अल्फा रोमिओच्या पुढे राहिले. मग धो धो पाऊस आला. इग्निशनमध्ये पाणी शिरलं, गाडी बंद पडली, ती सुकवून पुन्हा चालू करेपर्यंत वेळ गेला. क्लेमेंते बिओंदेत्ती यांची अल्फा पहिली आली, नुवोलारी दुसरे. तिसरी आणि चौथी गाडीही सिसितालियाच होती. जुलैमध्ये दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात बॉनेट उघडून फडक्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसणारे टॅक्सीवाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. इंजिन त्याच घराण्याचं आणि दुखणंही तेच.

हे घराणं मुंबईत आणलं ते वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. कंपनी १९४४ ची, कारखाना कुर्ल्याचा. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली, १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. नवं शतक उजाडेपर्यंत ती बनत राहिली. इटलीत ज्या इंजिनाची सद्दी १९६० च्या दशकातच संपत आली होती, ते आपल्याकडे आणखी ३० वर्षं जगलं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आपल्याकडची मुलं शर्यती लावायची, तेव्हाही हाताशी असलेली वेगवान गाडी म्हणजे हीच फियाट. म्हणून मी पद्मिनीला गरिबाची स्पोर्ट्स कार म्हणतो, आणि ते कौतुकाने म्हणतो.

ज्यांना दोन आसनांची, टप उघडणारीच गाडी हवी, त्यांच्यासाठी आपल्या बाजूला एकच स्वस्त नाव आहे : १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली सॅन स्टॉर्म. फायबरचं अंग, त्यामुळे गंजाची चिंता कमी. पण आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, आणि आपल्याकडच्या इतर गाड्यांत ते जवळपास नाहीच. बिघाड झाला की सुटा भाग शोधताना नाकी नऊ येतात. पद्मिनीचं तसं नाही.

आता गाडी बघायला जाऊ. बॉनेट शेवटी उघडा. आधी गुडघ्यावर बसा. १९५३ च्या फियाट ११०० पासून या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. दारांखालचे सिल, पायाखालची जमीन, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकतात त्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचे माउंटिंग, या सगळ्यांवर गाडीचा भार असतो. गिरगावात चौपाटीचा खारा वारा बारा महिने येतो आणि पावसाळ्यात गटाराचं पाणी सिलपर्यंत चढतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट, खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे. भद्द आवाज आला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दार उघडून हलकेच उचलून बघा. दार खाली लोंबत असेल तर बिजागरी झिजली असेल, किंवा मग खांबच सैल झाला असेल. खांब गेला असेल तर नमस्कार करून निघा, गाडी फुकट मिळत असली तरी.

पत्रा चांगला आणि इंजिन बंद, अशी गाडी मिळाली की खरं काम सुरू होतं, आणि फणसवाडीसारख्या ठिकाणी पहिला प्रश्न असतो जागेचा. वाडीत गॅरेज नाही, अंगण नाही. गाडी उभी राहते ती रस्त्याच्या कडेला, तीही शेजाऱ्यांच्या मेहरबानीवर. व्यंकटेश मंदिराचा उत्सव आला, गणपतीचा मंडप पडला, कुणाकडे लग्न निघालं, की गाडी हलवावी लागते. तेव्हा इथला पहिला नियम : गाडी कायम ढकलता येईल अशा अवस्थेत ठेवायची. चाकं, ब्रेक आणि स्टिअरिंग आधी मोकळं करून घ्यायचं आणि मगच इंजिनला हात घालायचा. व्हील सिलिंडरचे रबरी वायसर बदलायला फार खर्च नाही. ब्रेक धरून बसलेली गाडी मंडपाच्या आदल्या रात्री हलवायची वेळ आली तर सगळ्या वाडीची झोप मोडते.

जागेची ही अडचण बाजाराच्या जवळिकीने भरून निघते. फणसवाडीतून ऑपेरा हाऊस ते लॅमिंग्टन रोड हा पट्टा पायी गाठता येतो, आणि मोटारीच्या सुट्या भागांची जुनी दुकानं तिथेच आहेत. दुसऱ्या दिशेला काळबादेवी ओलांडून नागदेवी स्ट्रीट : बेअरिंग, बेल्ट, नटबोल्ट, हत्यारं. लोहार चाळीत वायरी. चोरबाजारात हेडलाइटच्या रिंगा, दारांच्या मुठी, कधीकधी अख्खं डायल. काही मिळालंच नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. कुर्ल्यातल्या ज्या जमिनीवर या गाड्या जन्मल्या तिथे आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत, पण त्यांचे अवयव अजून त्याच परिसरात फिरत असतात. म्हणून इथे कामाची पद्धतही वेगळी पडते. दुरुस्तीसाठी गाडी कुठे जात नाही. तिचा एकेक भाग पिशवीत घालून कारागिराकडे जातो आणि दुरुस्त होऊन परत येतो. मला ही पद्धत मोठ्या गॅरेजपेक्षा चांगली वाटते. मालकाला प्रत्येक भाग हातात घेऊन बघावा लागतो, आणि कुठला भाग का गेला ते त्याला कळतं.

दोन-चार वर्षं उभ्या असलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. नवी बॅटरी जोडून चावी फिरवायची घाई जवळजवळ सगळ्यांना होते आणि तिथेच नुकसान होतं. सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल उतरून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगांना गंजाने धरलेलं असतं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑईल सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून गाडी हलकेच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं, तर निम्मी लढाई जिंकलात. नाही फिरलं तर जोर लावू नका. पुन्हा तेल सोडा, पुन्हा वाट पाहा. त्यानंतर जुनं ऑईल काढून नवं भरा आणि तेव्हा कुठे सेल्फचा विचार करा.

इंजिन चालू झालं, पण मिसिंग करतंय, गरम होतंय, पाणी कमी होतंय, पिकअप नाही. जुन्या फियाटबद्दल येणारी नेहमीची तक्रार हीच. अशा वेळी बरेच मिस्त्री लगेच म्हणतात, "इंजिन बांधायला लागेल." इंजिन बांधायचं म्हणजे क्रँकपासून सगळं खोलायचं. लागेलही कदाचित. पण त्याआधी अर्ध्या तासाची एक चाचणी आहे आणि ती केल्याशिवाय कुणालाही पाना लावू देऊ नका.

कॉम्प्रेशन गेज हे साधं यंत्र आहे. प्लगच्या जागी ते बसवायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, सेल्फने इंजिन फिरवायचं आणि काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवायचं. चारही सिलिंडरचे आकडे मिळाले की इंजिन आपलं दुखणं स्वतः सांगतं. समजा, पहिल्याला १२५, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला ६० आणि चौथ्याला १२० आले. शेजारशेजारच्या दोघांचे आकडे एकदम पडलेत. म्हणजे त्या दोघांमधली भिंत फुटली आहे, हेड गॅस्केट जळालं आहे. एकाच सिलिंडरचा आकडा पडला असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला, तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने तात्पुरती फट बुजवली. नाही चढला, तर व्हॉल्व्ह बसत नाही. चारही आकडे सारखेच कमी, आणि ऑईल टाकल्यावर चारही चढले, तर मात्र मिस्त्रीचं बरोबर आहे, इंजिन बांधायलाच हवं. आकड्यांच्या उंचीपेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा असतो.

पद्मिनीत बहुतेक वेळा निघतं ते हेड गॅस्केट. का, ते समजून घेण्यासारखं आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. हेडची लांबी ४० सेंटिमीटर धरा. थंड इंजिन ८० अंशांनी तापलं की हेड सुमारे पाऊण मिलिमीटर लांबतं आणि ब्लॉक त्याच्या निम्माच. गाडी सुरू झाली की प्रत्येक वेळी हे दोन धातू एकमेकांवर घासतात आणि मधल्या पातळ गॅस्केटला ते सगळं सोसावं लागतं. पाणी आणि पंखा नीट असतील तर गॅस्केट वर्षानुवर्षं टिकतं. रेडिएटर चोंदला, भर दुपारी पेडर रोडच्या चढावर गाडी अडकली, काटा लाल रेघेत गेला आणि चालवणाऱ्याने "घरी पोचू दे एकदा" म्हणत ती तशीच रेटली, तर हेड बाक धरतं. एकदा बाक आला की नवं गॅस्केट टाकूनही उपयोग नाही.

हेड उतरवण्याचं काम रस्त्याच्या कडेला होऊ शकतं, फक्त शिस्त पाहिजे. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेड सोडवलं की तिथेच वाकतं. पाणी काढून टाकायचं. टॅपेट कव्हर आणि रॉकरची दांडी काढली की आठ पुशरॉड हाती येतात. एका पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, त्यांना नंबर घालून त्यात ते क्रमाने खोवून ठेवा, म्हणजे प्रत्येक जण आपल्याच जागी परत जाईल. हेडचे नट टोकांकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करत जा. बसवताना उलट, मध्याकडून टोकांकडे. हेड चिकटलेलं असेल तर त्याच्या आणि ब्लॉकच्या मध्ये छिन्नी घालू नका. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोका.

हेड सुटतं तेव्हा ते दोघांनी धरून सरळ वर उचलायचं. फळांच्या रिकाम्या पेटीवर वर्तमानपत्र अंथरून ते उलटं ठेवायचं आणि गॅस्केटकडे बघायचं. फुटलेली जागा डोळ्यांना लगेच सापडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, जिथे पट्टी सगळ्यात अरुंद असते, तिथे तांब्याची कडा काळी पडलेली, खाल्लेली दिसते. "दादा, हे बघा, इथून जाळ पलीकडे जायचा," मिस्त्री बोटाने दाखवतो. हेडवरही त्याच जागी बारीक खाच पडलेली असते. मग पोलादी सरळ पट्टी हेडवर आधी लांबीच्या, मग दोन्ही कर्णांच्या दिशेने उभी धरायची आणि खालून फिलर गेजची पाती सरकवून बघायची. ०.०५ मिलिमीटरची पाती सहज आत गेली, तर हेड फेसिंगला पाठवायचं. वर्कशॉपवाल्याला बजावून सांगा : सपाट होण्यापुरतंच काढा. जास्त कापलं की ज्वलनाची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं. शर्यतीवाले हेच मुद्दाम करतात. पण उन्हाळ्यात सीएसएमटीच्या सिग्नलला उभं राहणाऱ्या गाडीला ते मानवत नाही, इंजिन नॉकिंग करू लागतं.

हेड खाली आलंच आहे तर व्हॉल्व्ह सोडू नका. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. मुंबईच्या फुप्फुसांसाठी ते चांगलंच झालं. पण जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीचं काम करायचा. तो गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नुसत्या सीटवर आपटू लागले. सीएनजीवर चाललेल्या टॅक्सींचं तर आणखी वाईट, कारण गॅस कोरडा. आज जुन्या बाजारात मिळणारी बरीचशी हेड टॅक्सींमधून उतरलेली असतात आणि त्यांच्या सीट खोल गेलेल्या असतात. कडक धातूच्या नव्या सीट बसवून, व्हॉल्व्ह लॅपिंग करून घ्या. लॅपिंग झालं की हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली नाही, तर काम पक्कं.

खालचं इंजिन खोलायची वेळ आलीच, तर फार बोलण्यासारखं नाही. ब्लॉकला बोअरिंग करून ०.२, ०.४ किंवा ०.६ मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतात. क्रँक घासून बेअरिंग बदलतात. मुंबईत हे काम जाणणारे कारागीर अजून आहेत. फक्त ब्लॉक घरी आणल्यावर ऑईलची भोकं तारेने आणि रॉकेलने स्वतः साफ करा, कारण बोअरिंगची भुकटी तिथे अडकते आणि नवं बेअरिंग खाऊन टाकते.

थर्मोस्टॅटबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. गाडी गरम होते म्हटलं की आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. काटा खाली येतो आणि सगळे खूश होतात. पण मग इंजिन कधीच योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि रिंगा अकाली झिजतात. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर सोल्डरिंगवाल्याकडे नेऊन त्याच्या नळ्या साफ करून घ्या, वॉटर पंप बघा, पंख्याचा पट्टा ताणा आणि साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. थर्मोस्टॅट नवा घाला.

भर उन्हात गाडी अचानक बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप चालू होते, हा या गाडीचा दुसरा नेहमीचा छळ. पेट्रोल पंप ब्लॉकलाच चिकटून बसवलेला आहे. ब्लॉक तापला की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत राहतो. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. पंप आणि ब्लॉक यांमधलं जाड पॅकिंग शाबूत ठेवलं आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब नेली, तर फडक्याची गरज कमी पडते. मात्र हीच लक्षणं तापून निकामी होणारी इग्निशन कॉइलही दाखवते. ओळखायचं असं : गाडी बंद पडल्याबरोबर प्लगची ठिणगी तपासा. ठिणगी आहे, तर पेट्रोल. नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. पद्मिनीच्या काळात ते गृहीत धरलेलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, कार्बोरेटरच्या धातूवर पांढरी पूड धरवतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

इंजिन गोड चालू लागलं की हात शिवशिवतात. दोन कार्बोरेटर, हलकं फ्लायव्हील, वेगळा कॅम. सिसितालियाने केलं तर आपण का नाही? करा, पण आधी ब्रेक बघा. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत सगळ्यांना मिळून ऑईलची एकच लाइन. एक नळी फुटली की चारही चाकं सुटली. क्रँकला आधारही तीनच बेअरिंगांचा आहे, त्याच्या जिवावर उठू नका. माझं मत स्पष्ट आहे : या गाडीला मूळ स्थितीत, पण अगदी नेटकं ट्यून करावं. टॅपेट बरोबर, पॉइंटची फट बरोबर, टायमिंग बरोबर असलं की पद्मिनी मोकळ्या रस्त्यावर जे धावते, त्याने मन भरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली ती वयाच्या अटीमुळे. शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी गाडीला ही अट नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून घेऊन दर ५ वर्षांनी नोंदणी पुढे चालू ठेवता येते, पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी घेताना इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, कारण कितीतरी गाड्यांची इंजिनं मधल्या काळात बदललेली असतात आणि त्याची नोंद नसते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पहिल्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कारणांशिवाय रोज रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला रविवारी मनात आलं की निघायचं आहे, त्याने साधी नोंदणीच जपावी.

नवं बांधलेलं इंजिन पहिल्या दिवशी गरम करून पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा ठरलेल्या क्रमाने आवळा. त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करा, कारण हेड खाली बसलं की फट बदलते. पहिले काही दिवस पहाटे बाहेर काढा. चर्नी रोडवरून मरीन ड्राइव्हला लागा आणि नरिमन पॉइंटपर्यंत वेग सतत बदलत न्या : थोडा वाढवा, पाय काढा, पुन्हा वाढवा. एकाच वेगाने रेटलं तर रिंगा नीट बसत नाहीत. सिग्नलला उभे असताना काट्यावर नजर ठेवा. ५०० किलोमीटरला ऑईल बदला. जुनं ऑईल पांढऱ्या थाळीत काढून उन्हात बघा : बारीक करडी चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची आहे, तिची काळजी नको. तांबूस चमक दिसली तर बेअरिंग बोलतंय, गाडी परत मिस्त्रीकडे न्या. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी आत येतंय, म्हणजे हेड पुन्हा उतरवायचं.